शर्यतीच्या फटफटीचे इंजिन



महाडहून निघालेला रस्ता सावित्रीच्या खोऱ्यातून पोलादपूरला येतो आणि तेथे त्याला फाटे फुटतात. डावा फाटा आंबेनळीच्या घाटाने प्रतापगडाच्या अंगावरून महाबळेश्वराकडे चढतो. सरळ गेलेला रस्ता कशेडीचा डोंगर ओलांडून खेडकडे उतरतो. कशेडीला आता बोगदा झाला आहे. पण ज्यांचे आयुष्य या घाटाखाली गेले त्यांचे कान अजून जुनेच आहेत. रात्री अंगणात बसलेला म्हातारा घाटात चढणारा आवाज ऐकून सांगतो, ही बुलेट आहे, ही राजदूत आहे, आणि हिचा प्लग काळा पडला आहे. आमच्याकडे जुनी माणसे मोटारसायकलला अजून फटफटीच म्हणतात. आवाजावरून पडलेले नाव आहे, आणि मला वाटते यंत्राला आपल्या भाषेने दिलेल्या नावांत इतके नेमके नाव दुसरे नसेल.

मी इतिहासाचा शिक्षक. यंत्राशी माझा संबंध दुचाकीत पेट्रोल भरण्यापुरता. असे असता या विषयावर मी का बोलावे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याचे कारण आमच्या गावातले एक मेस्त्री आहेत. त्यांच्याविषयी शेवटी सांगेन, कारण त्यांच्या गोष्टीत माझी स्वतःची एक चूक आहे आणि चूक सांगायला माणूस थोडा वेळ लावतोच.

आधी इंजिनाकडे वळू. आपल्या भागात शेतीला पाणी खेचणारे किर्लोस्करांचे डिझेल इंजिन पुष्कळांनी पाहिले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर केला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली, आणि १९४६ साली पुण्याला ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. त्या कारखान्याचे पाच हॉर्सपॉवरचे एक प्रसिद्ध इंजिन आहे. त्याच्या नळकांड्याचा व्यास ८० मिलिमीटर, दट्ट्याची म्हणजे पिस्टनची धाव ११० मिलिमीटर. आत मावणारी जागा ५५३ घनसेंटीमीटर. मिनिटाला १५०० फेरे.

आता याच्या शेजारी इंग्लंडातले एक शर्यतीचे इंजिन ठेवा. मँक्स नॉर्टन त्याचे नाव. त्यालाही नळकांडे एकच, आणि जागा ४९८ घनसेंटीमीटर, म्हणजे आपल्या पंपाच्या इंजिनापेक्षा थोडी कमीच. पण १९५० नंतरच्या दशकात हे इंजिन पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवर देत होते. आकार तोच, ताकद दहापट! ही दहापट आली कोठून?

पहिली गोष्ट फेऱ्यांची. जे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते ते ६००० घेऊ लागले, तर तेवढ्याच वेळात चौपट घास खाईल. पण घास खाण्यासाठी तोंड उघडावे लागते. झडपा मोठ्या हव्यात, त्या वेळेवर उघडल्या-मिटल्या पाहिजेत, आत येणारी वाट गुळगुळीत हवी. दुसरी गोष्ट दाबाची. पेट्रोल-हवेचे मिश्रण जितके अधिक दाबून पेटवावे तितका धक्का मोठा. जुन्या बुलेटमध्ये हे मिश्रण साडेसहापट दाबले जात असे, शर्यतीच्या इंजिनात दहापट व त्याहून अधिक. मात्र फार दाबले तर ठिणगी पडण्याआधीच ते आपोआप पेटते आणि पिस्टनला भोक पाडते. म्हणून इंधनही वेगळे लागते.

आणि मग धातूचा प्रश्न येतो. शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात जरूर घालावे. जुन्या नॉर्टनची धाव १०० मिलिमीटर होती. एका फेऱ्यात पिस्टन वर जातो आणि खाली येतो, म्हणजे २०० मिलिमीटर चालतो. मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १००. तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग झाला सेकंदाला २० मीटर, ताशी ७२ किलोमीटर. एस.टी. घाट उतरून सपाटीला लागल्यावर ज्या वेगाने जाते तो हा वेग. फरक एवढाच, की हा पिस्टन एका सेकंदात दोनशे वेळा जागच्या जागी थांबतो आणि उलटा फिरतो. त्या प्रत्येक थांबण्याचा ताण कनेक्टिंग रॉडने सोसायचा. नॉर्टनवाल्यांनी पुढे काय केले? नळकांडे रुंद केले आणि धाव कमी केली: ७९ बाय १०० चे ८६ बाय ८५.६ झाले. जागा जवळजवळ तीच. पण आता पिस्टनचा वेग तोच २० मीटर ठेवून इंजिन मिनिटाला ७००० फेरे घेऊ शकले. हजार फेरे फुकट मिळाले असे म्हणता येईल, जरी फुकट काहीच मिळत नाही हे त्या कारखान्यातल्या माणसांना ठाऊक होते.

पंपाचे इंजिन रात्रंदिवस चालते आणि वर्षानुवर्षे टिकते. शर्यतीचे इंजिन शर्यत झाली की सगळे उघडावे लागते. नॉर्टन लावून कोणी भाताला पाणी देणार नाही, आणि पंपाचे इंजिन फटफटीवर बसवून कोणी शर्यत जिंकणार नाही. कोणते श्रेष्ठ हा वाद व्यर्थ आहे.

या शर्यतींचा उगमही डोंगरातल्या रस्त्यावर झाला. इंग्लंडात त्या काळी मोटारींना ताशी वीस मैलांची मर्यादा होती आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करायला कायद्याची परवानगी नव्हती. शेजारच्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. त्या बेटाची विधानसभा निराळी. तिने १९०४ साली शर्यतीसाठी रस्ते बंद करण्याचा कायदा केला, आणि १९०७ साली तेथे मोटारसायकलींची पहिली टी.टी. शर्यत झाली. १९११ पासून ती डोंगरावरच्या वाटेने होऊ लागली. एक फेरा पावणेअडतीस मैलांचा. वळणे, चढ, उतार, धुके. पोलादपूरच्या माणसाला ती वाट परकी वाटली नसती.

१९२७ हे साल महाडकराला सांगावे लागत नाही. त्या वर्षीच्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी जून महिन्यात त्या दूरच्या बेटावर अ‍ॅलेक बेनेट नावाच्या स्वाराने नॉर्टनचे नवे इंजिन चालवून वरच्या वर्गाची शर्यत जिंकली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण साल ध्यानात राहावे म्हणून मी मुलांना असे शेजारी शेजारी सांगतो. त्या नव्या इंजिनाचे वैशिष्ट्य असे की, झडपा उघडणारा कॅम खालून उचलून थेट नळकांड्याच्या डोक्यावर नेला होता. पूर्वी कॅम खाली असे आणि लांब काड्यांनी झडपा ढकलल्या जात. वेग वाढला की काड्या लवत, स्प्रिंगा मागे पडत आणि झडप मिटायच्या आत पिस्टन वर येऊन तिच्यावर आदळे. कॅम वर नेल्याने मधली पुष्कळशी हालचाल वाचली. याच घराण्यातून पुढे मँक्स नॉर्टन आले आणि ते १९६२ च्या सुमारापर्यंत कारखान्यात बनत राहिले.

परंतु कारखान्यातून आलेले इंजिन हा केवळ कच्चा माल, असे मानणारी माणसे तेथे होती. लंडनजवळ ब्रुकलँड्स नावाची शर्यतीची गोल वाट होती, १९०७ ते १९३९ पर्यंत चाललेली. तिच्या आसपासच्या लहान लहान शेडमधून हे कारागीर बसत. फ्रान्सिस बेअर्ट, स्टीव्ह लान्सफील्ड, बिल लेसी ही त्यांतली नावे. कारखान्याचे इंजिन घ्यायचे, पूर्ण उघडायचे, प्रत्येक भाग तोलायचा, घासायचा, मापायचा आणि पुन्हा जोडायचा. दोन सारख्या इंजिनांतले एक वेगात धावे आणि दुसरे मागे पडे. मधला फरक या माणसांच्या बोटांत होता.

त्याच वाटेवर बिआट्रिस शिलिंग ही मुलगी आपल्या नॉर्टनवर बसून येई. ती मँचेस्टरला शिकलेली इंजिनिअर. १९३४ साली तिने ताशी शंभर मैलांच्या वर फेरा पुरा करून तेथला सोन्याचा तारा मिळविला. पुढे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या लढाऊ विमानांचे इंजिन विमानाने एकाएकी सूर मारला की गुदमरू लागले. शत्रूच्या विमानांना हा त्रास नव्हता. १९४१ साली याच शिलिंगबाईंनी कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या वाटेत बसवायची एक छोटीशी भोकाची चकती काढली आणि तो दोष आटोक्यात आला. फटफटीचे कार्ब्युरेटर घासलेल्या हातांनी ती चकती केली होती. आमच्या तालुक्यातल्या मुलींच्या शाळांत ही गोष्ट सांगितली जावी असे मला वाटते.

एक गंमत सांगतो. या शर्यतीच्या इंजिनांना तेल कोणते घालीत? एरंडेल! लहानपणी नाक दाबून जे आपल्याला पाजले जाई तेच. तापलेल्या धातूवर एरंडेलाचा थर लवकर फाटत नाही. जगप्रसिद्ध कॅस्ट्रॉल हे नावच एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून पडले. दोष एकच: ते आत डिंकासारखे चिकटून बसते, म्हणून शर्यत संपली की इंजिन उघडून साफ करणे आले. जगातले सर्वांत जास्त एरंड आपल्या देशात पिकते, तेव्हा या वैभवात आपलाही थोडा वाटा धरायला हरकत नसावी.

आता ज्या माणसाची गोष्ट मला सर्वांत अधिक आवडते त्याच्याकडे येतो. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इनव्हरकार्गिल नावाचे गाव आहे. तेथे बर्ट मन्रो नावाचा गृहस्थ राहात असे. जन्म १८९९. १९२० साली त्याने एक अमेरिकन मोटारसायकल घेतली. तिचे नाव इंडियन. या नावाने आपली फसगत होते. ती गाडी हिंदुस्थानातली नव्हे, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावची. (तशीच आपल्याकडची जावा. ती जावा बेटातली नव्हे, चेकोस्लोव्हाकियातली. यानेचेक हा मालक आणि वाँडरर ही कंपनी, या दोघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून ते नाव झाले.)

मन्रोची गाडी ६०० घनसेंटीमीटरची होती आणि ताशी पंचावन्न मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर धावे. १९२६ च्या सुमारास त्याने तिला हात घातला आणि पुढची चाळीसहून अधिक वर्षे तो हात काढला नाही. पैसा नव्हता, लेथ साधा होता. पिस्टन हवा? जुन्या डब्याच्या साच्यात धातू ओतून त्याने पिस्टन केला. कनेक्टिंग रॉड हवा? ट्रॅक्टरच्या जुन्या आसाचे पोलाद कापून, घासून त्याने रॉड केला. मूळच्या इंजिनात झडपा नळकांड्याच्या बाजूला होत्या. त्या याने वर नेल्या. नळकांडी मोठी केली. प्रत्येक सुधारणेत काहीतरी तुटे, वितळे, फुटे. मोडलेले पिस्टन आणि रॉड त्याने टाकून दिले नाहीत. शेडमधल्या एका फळीवर ते रांगेने मांडून ठेवले आणि फळीवर लिहिले की हे वेगाच्या देवाला वाहिलेले नैवेद्य. मला तर ती फळी कोणत्याही विजयचिन्हापेक्षा मोठी वाटते. आपण इतिहासवाले जिंकलेल्या लढायांचे दगड जपतो. चुका जपून ठेवणारा माणूस विरळा.

अमेरिकेत युटा राज्यात बॉनव्हिल नावाचे मिठाचे विस्तीर्ण मैदान आहे. तेथे वेगाचे विक्रम मोजतात. १९६७ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, मन्रोने तेथे आपली सत्तेचाळीस वर्षांची गाडी पळविली आणि हजार घनसेंटीमीटरच्या आतल्या वर्गात ताशी १८३.५९ मैलांचा विक्रम नोंदविला. किलोमीटरमध्ये सांगायचे तर तीनशेला चार-पाच कमी. १९७८ साली तो वारला.

पण इतिहासाच्या शिक्षकाला खरी गोडी पुढेच आहे. असा विक्रम मोजताना गाडी एकदा इकडून आणि एकदा तिकडून पळवितात, म्हणजे वाऱ्याचा फायदा-तोटा फिटतो, आणि दोहोंची सरासरी घेतात. मन्रोच्या एका धावेचा वेग होता १८४.७१० आणि दुसरीचा १८३.४६३. सरासरी काढून पाहा: १८४.०८७ येते! नोंद मात्र त्याहून कमी झाली होती. हिशेब करणारा चुकला होता. पुढे त्याच्या मुलाच्या हे लक्षात आले आणि २०१४ साली, बाप वारल्यानंतर छत्तीस वर्षांनी, अमेरिकेच्या मोटारसायकल संघटनेने आपली नोंद दुरुस्त केली. अर्ध्या मैलाचाच प्रश्न. तरी दोन धावांचे मूळ आकडे कोणीतरी कागदावर जपले होते म्हणूनच हे होऊ शकले. केवळ सरासरी राहिली असती तर चूक चिरंजीव झाली असती.

आतापर्यंत मी झडपांच्या इंजिनांविषयी बोललो. आपल्या रस्त्यांवर मात्र पुष्कळ वर्षे टू-स्ट्रोक गाड्यांचे राज्य होते. १९६१ साली म्हैसूरला जावाचा कारखाना निघाला, आणि पुढे तिचेच नाव येझदी झाले. राजदूत आली. १९८३ साली जपानी यामाहाच्या नमुन्यावर राजदूत ३५० आली आणि १९८५ साली आर.एक्स. १००, ज्या गाडीसाठी आमची मुले आजही वेडी आहेत. या इंजिनांना कॅमने उघडणाऱ्या झडपाच नाहीत. नळकांड्याच्या भिंतीत खिडक्या असतात आणि पिस्टनच वर-खाली होताना त्या उघडतो-मिटतो. सोपे यंत्र, पण त्यात एक उणेपण होते. जळलेला धूर बाहेर जाताना त्याच्याबरोबर बरेचसे ताजे मिश्रणही न जळताच निसटून जाई. ताटात वाढलेले अन्न अर्धे खिडकीतून जावे तसे.

हे कोडे ज्याने नीट सोडविले तो वॉल्टर काडेन. पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ गावच्या एम.झेड. कारखान्यातला इंजिनिअर. महायुद्धात त्याने जर्मनांच्या उडत्या अस्त्रांवर काम केले होते. १९५० नंतरच्या दशकात त्याच्याकडे पैसा नव्हता आणि चांगला धातूही मिळत नसे. पण आवाज ही काय चीज आहे हे त्याला कळले होते. तुम्ही रायगडावर गेला असाल तर नगारखान्यापाशी हळू बोललेले सिंहासनाच्या जागी कसे ऐकू येते हे पाहिले असेल. आणि घाटात ओरडल्यावर समोरच्या कड्यावरून हाक परत येते, हे तर गुराख्याच्या पोरालाही ठाऊक आहे. काडेनने इंजिनाच्या धुराच्या नळीला असाच कडा दिला. नळी आधी हळूहळू रुंद होत जाते; तेथून मागे येणारी लाट नळकांड्यातला धूर ओढून घेते. मग नळी पुन्हा निमुळती होते. तेथून परतलेली लाट निसटू पाहणारे ताजे मिश्रण ढकलून पुन्हा आत घालते, आणि त्याच क्षणी खिडकी मिटते. नळीत हलणारा एकही भाग नाही. काम करतो तो प्रतिध्वनी.

वेळ किती थोडा पाहा. मिनिटाला १०,८०० फेरे म्हणजे सेकंदाला १८०. अर्ध्या फेऱ्याला सेकंदाचा ३६० वा भाग. एवढ्यात लाटेने जाऊन परत यायचे. म्हणून नळीची लांबी थोडी कमी-जास्त झाली तरी हाक लवकर किंवा उशिरा पोहोचते. शर्यतीची टू-स्ट्रोक गाडी कमी फेऱ्यांवर रडतखडत चालते आणि ठरावीक फेऱ्यांवर आली की एकाएकी उसळते, त्याचे कारण हेच. १९६१ साली काडेनच्या १२५ घनसेंटीमीटरच्या इंजिनाने २५ हॉर्सपॉवर दिली. लिटरला दोनशे! आपल्या पंपाच्या इंजिनाचे प्रमाण लिटरला नऊ पडते.

आणि त्याच वर्षी घात झाला. काडेनचा स्वार एर्न्स्ट डेग्नर हा स्वतः इंजिनातला जाणकार. १२५ च्या जागतिक अजिंक्यपदासाठी तो आघाडीवर होता. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली होती. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीत त्याचे इंजिन बंद पडले आणि त्यानंतर तो परत गेलाच नाही. त्याच सुमारास त्याच्या बायकामुलांना मोटारीत दडवून पश्चिमेकडे आणण्यात आले. डेग्नर जपानच्या सुझुकीकडे गेला, काडेनची विद्या बरोबर घेऊन. आणि १९६२ साली सुझुकीच्या ५० घनसेंटीमीटरच्या गाडीवर जगज्जेता झाला. मुलाबाळांसाठी पळालेल्या माणसाला दोष द्यावा की नाही, मला ठरविता येत नाही. काडेनच्या मनात काय आले असेल याची मात्र कल्पना करवते. पुढे जपानी कंपन्यांनी त्या विद्येवर जग जिंकले, आणि कशेडीच्या घाटात ज्या राजदूत ३५० चा आवाज घुमला तिच्या नळीतही त्शोपाऊचा तो प्रतिध्वनी होता.

आपल्याकडे शर्यतींचे मुख्य ठिकाण होते मद्रासजवळचे शोलावरम. युद्धकाळात बांधलेली विमानाची धावपट्टी, तिच्यावर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती घेई. क्लब १९५३ चा. परदेशी सुटे भाग आणणे त्या काळी फार अवघड, म्हणून स्वार आणि मेस्त्री मिळून जे हाती येईल त्यातून इंजिन घडवीत. बुलेटचे घराणे मूळ इंग्लंडातल्या रेडिचचे. १९५५ साली ती मद्रासला आली आणि इंग्लंडातला कारखाना बंद पडल्यावरही येथे जगली. ७० बाय ९० चे, ३४६ घनसेंटीमीटरचे ते संथ इंजिन शर्यतीसाठी नव्हे, गस्तीसाठी. तरी त्यावरही माणसांनी हात चालविलाच. स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ एग्ली याने ते ५३५ पर्यंत वाढविले. अनिकेत वर्धन या भारतीय तरुणाने अमेरिकेत ओहायो राज्यात राहून बुलेटची दोन नळकांडी एकाच पेटीवर तिरपी जोडून नवे इंजिन केले. ओतकामाचे लाकडी साचेसुद्धा स्वतः घडविले. आणि इंग्लंडात आज मँक्स नॉर्टनचे इंजिन नव्याने बनवितात. बाहेरून ते जुन्यासारखेच दिसले पाहिजे, कारण जुन्या गाड्यांच्या शर्यतीचे नियम तसे आहेत; आतला क्रँक, रॉड आणि पिस्टन मात्र आजच्या धातूचे.

आता आमचे मेस्त्री.

हमरस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड आहे. तरुणपणी ते पुण्याला एका गॅरेजमध्ये होते. तेथे मातीच्या वाटेवरच्या शर्यतींसाठी गाड्या तयार होत. पुढे आई आजारी पडली म्हणून महाडला परत आले आणि येथेच राहिले. माझ्या वर्गातला पोलादपूरकडचा एक विद्यार्थी जुनी आर.एक्स. १०० घेऊन कॉलेजात येई. तिचा आवाज इतका वेगळा, की मी विचारले. तो म्हणाला, "सर, इंजिन आमच्या मेस्त्रींनी बांधलंय." बांधलंय! घर बांधावे तसे.

मी शेडवर गेलो. मेस्त्रींनी एका प्लायवूडच्या तुकड्यावर शाळेतला कोनमापक ठोकून तो क्रँकच्या टोकाला बसविला होता. खिडकी किती अंशांवर उघडते आणि किती अंशांवर मिटते ते त्यावर पाहायचे, आणि एका वहीत पेन्सिलीने लिहायचे. वहीत पुण्याच्या दिवसांपासूनची मापे होती. कोणत्या गाडीची खिडकी किती घासली, हेड किती घासले, नळी किती लांब केली, आणि त्यापुढे एकच शब्द: 'पळाली' किंवा 'फुटली'. मी म्हणालो, "मेस्त्री, ही वही मला उतरवून घेऊ द्या." ते म्हणाले, "घ्या की सर, पळून कुठं जातेय?" हे २०१९ साल. मी परीक्षा, मूल्यमापन, सुट्टी असे करत राहिलो. मग महामारी आली.

२२ जुलै २०२१ ची रात्र या तालुक्यात कोणाला सांगायला नको. सावित्री गावात शिरली. त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या दुःखापुढे एका वहीचे दुःख ते काय! म्हणून मी पुष्कळ दिवस त्याविषयी बोललोच नाही. चिखल उपसून झाल्यावर शेडवर गेलो तेव्हा मेस्त्री रॉकेलमध्ये बेअरिंगे धूत बसले होते. मी विचारण्याआधीच म्हणाले, "वही गेली सर. अर्धी मापं होती, अर्धी उधारी. उधारी पण गेली."

मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाच मिनिटांत झाले असते असे काम मी दोन वर्षे केले नव्हते.

त्यानंतर आम्ही दर शनिवारी चार विद्यार्थी घेऊन जाऊ लागलो. मेस्त्रींना आठवेल ते सांगायचे, मुलांनी लिहायचे. आठवणीतली मापे लवचीक असतात, हे मला इतिहासाच्या साधनांवरून ठाऊक होते. म्हणून ठरविले की जेथे वस्तू शिल्लक आहे तेथे वस्तूच मोजायची. शेडच्या आढ्याखाली एक फळी होती, पुराच्या पाण्याच्या वर राहिलेली. तिच्यावर जुने, घासलेले, भोक पडलेले पिस्टन. मेस्त्रींनी बर्ट मन्रोचे नाव कधी ऐकले नव्हते.

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून व्हर्नियर कॅलिपर मागून आणला. एका मुलीने पिस्टनचा व्यास मोजला, दुसऱ्या मुलाने तोच पुन्हा मोजला. आकडे जमेनात. पुन्हा मोजले, पुन्हा तेच. मुले म्हणाली, कॅलिपर बिघडला. मीही म्हणालो, पुरात भिजला असेल. मेस्त्री लांबून पाहात होते. ते उठले, पिस्टन हातात घेतला, पिन जाते त्या भोकाच्या दिशेने एकदा धरला आणि आडवा एकदा धरला.

"दोघांचंही बरोबर आहे," ते म्हणाले. "पिस्टन गोल नसतोच. पिनच्या बाजूला धातू जाड, तापला की तिकडं जास्त फुगणार. म्हणून थंड असताना तिकडून बारीक ठेवतात. तापल्यावर गोल होतो."

त्या मुलीने वहीत दोन रकाने पाडले, 'पिनच्या दिशेने' आणि 'आडवा', आणि पहिल्या पिस्टनपासून पुन्हा मोजायला सुरुवात केली.